मंगळवारचा बुधवार

मयुरेशला चांगलं बोलता येत होतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊकही होतं. पंचवटीतल्या त्यांच्या घरात तीन पिढ्या यात्रेकरूंचे विधी सांगत आलेल्या. वडील, चिंतामणगुरुजी, गोदाकाठच्या गलबल्यात संकल्प सांगू लागले की पलीकडच्या पायरीवरचा माणूसही मान वळवून बघायचा. तोच आवाज मुलाकडे उतरला होता. शाळेपासूनच्या वक्तृत्व स्पर्धांचे अकरा करंडक घरातल्या काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ‘संवादकौशल्य’ असा विषय आहे म्हटल्यावर त्याने त्यातले गुण आधीच खिशात घातले होते.

शिकवायला लतिका मॅडम होत्या, आणि त्यांची तऱ्हा वेगळी होती. पहिल्याच तासाला त्यांनी तिघातिघांचे गट पाडले, तेही चिठ्ठ्या टाकून.

“इथे कुणी एकट्याने शिकायचं नाही,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक गटाने असा एक माणूस शोधायचा, ज्याचं पोट त्याच्या आवाजावर आहे. त्याला भेटा, त्याचं ऐका आणि मग वर्गाला सांगा. कोण सांगणार ते त्या दिवशी मी चिठ्ठी काढून ठरवीन. जो सांगेल त्याचे गुण ते सगळ्या गटाचे. तेव्हा तिघांनाही सारखं सांगता आलं पाहिजे. न येणाऱ्याला शिकवणं हे येणाऱ्याचं काम.”

“आणि कुणी आलंच नाही तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“तर उरलेल्यांतून चिठ्ठी. न आलेल्याला निम्मे गुण.”

मयुरेशच्या गटात यशश्री आली आणि स्नेहल आली. यशश्री शहरातलीच, एका सीएची मुलगी, बेताचं पण नेटकं बोलणारी. स्नेहल लासलगावजवळच्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीने यायची. वर्षभरात वर्गात तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकू आला होता, आणि तोही पुढच्या बाकापर्यंत पोचायच्या आत विरून जायचा.

माणूस मात्र तिनेच सुचवला. “आमच्याकडं कांद्याचा लिलाव पुकारणारे हायेत. खंडेरावकाका. त्यांच्या आवाजावर अख्खी रांग हलती.”

एका गुरुवारी तिघंही लासलगावला गेले. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा, त्यांच्यामधून चालणारे व्यापारी, आणि पुढे खंडेराव, साठीला टेकलेला, शिडशिडीत, छाती पुढे काढून भाव पुकारणारा. लिलाव आटोपल्यावर चहाच्या टपरीजवळ ते भेटले. मयुरेशने प्रश्नांची यादीच नेली होती. आवाजाची काळजी कशी घेता? रोज किती तास बोलता? खंडेराव “काय नाय”, “बरेच की” असं तुटक बोलत राहिला आणि पाच मिनिटांत यादी संपली.

मग स्नेहल हळूच म्हणाली, “काका, पहिल्यांदा पुकारायला उभं राहिला, तवा भ्या वाटलं व्हतं का?”

खंडेरावाने हातातला ग्लास खाली ठेवला. मग तो अर्धा तास बोलत होता. तो आधी हमाल होता. एके दिवशी नेहमीच्या माणसाचा घसा बसला म्हणून यालाच पुढे ढकललं. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. शेदोनशे माणसं बघताहेत. तेवढ्यात एका ट्रॅक्टरवरून म्हातारा शेतकरी ओरडला, “पुकार की बाबा, माझा माल उन्हात हाय!”

“तवा कळलं,” खंडेराव म्हणाला, “मी मला कसा दिसतो ह्याच्या नादात उभा व्हतो. आवाज माझा नव्हताच मुळी. ज्याचा माल, त्याचा आवाज. मग जो फुटला, तो आजवर बसला नाय.”

मयुरेशला ते वाक्य इतकं आवडलं की परतीच्या एसटीत त्याने ते पाच वेळा वेगवेगळ्या चढउतारांत म्हणून पाहिलं.

त्यानंतर तीन आठवडे वर्ग सुटल्यावर कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर तालीम चाले. हे खरं की मयुरेशने स्नेहलला मनापासून शिकवलं. श्वास कुठे घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, वाक्य संपताना आवाज कसा पडू द्यायचा नाही. ती शिकतही होती. पण मधेच अडखळायची, अडखळली की गप्प व्हायची आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. ‘हाय’, ‘नाय’ तर जाता जात नव्हतं.

“‘नाय’ नाही गं, ‘नाही’ म्हण,” तो म्हणायचा.

“नाही,” ती म्हणायची, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा नाय.

वरवर तो हसायचा. पण मनात आकडेमोड सुरू असायची. तीन चिठ्ठ्या, त्यातली एक हिची. हिची निघाली तर संपलंच. अकरा करंडकवाल्याला संवादकौशल्यात काठावरचे गुण!

सादरीकरणाची तारीख शनिवारी फळ्यावर लागली: मंगळवार, सकाळी दहा. त्या दिवशी स्नेहल आली नव्हती; कांद्याच्या गर्दीमुळे सादरीकरणापर्यंत ती आईसोबत खळ्यावर कांदा निवडायला जात होती. तिच्या फोनचा पडदा फुटलेला, त्यामुळे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलंही तिला दिसत नव्हतं. संध्याकाळी तिने आईच्या बटणाच्या फोनवरून मयुरेशला फोन लावला.

“तारीख लागली का रे?”

“लागली ना.”

“कधी हाय?”

मंगळवार हा शब्द त्याच्या जिभेवर होता. तो म्हणाला, “बुधवारी. सकाळी दहाला.”

म्हणून झाल्यावर तो स्वतःच चपापला. चूक होती असं म्हणता आलं असतं. लगेच, “अगं थांब, मंगळवारी” असं म्हणता आलं असतं. पण ती तोवर “बरं, ठेवते” म्हणाली होती. रविवार अख्खा गेला. फोन खिशातच होता. आपण काही तिला नापास करत नाही, निम्मे गुण तर मिळणारच आहेत, त्यात ती पास होते, असा हिशेब त्याने तिच्या वतीने स्वतःच मांडून टाकला. शिवाय सगळ्यांसमोर फजिती होण्यापेक्षा तिलाही हेच बरं, असंही स्वतःला सांगून पाहिलं.

सोमवारी दुपारी पुन्हा तिचाच फोन.

“बुधवारीच ना? नक्की सांग. मला घरी सांगायचंय.”

काय सांगायचंय, हे त्याने विचारलं नाही. “हो, बुधवारीच,” तो म्हणाला. पहिल्या वेळेला जीभ घसरली म्हणता आलं असतं. या वेळेला तेवढीही सबब उरली नव्हती.

मंगळवारी लतिका मॅडमनी त्यांच्या गटाच्या चिठ्ठ्या ओंजळीत हलवल्या आणि एक उचलली. “स्नेहल.”

“आली नाही, मॅडम,” यशश्री म्हणाली. “का नाही आली कळत नाही. तयारी तर झाली होती तिची.”

मॅडमनी पुन्हा चिठ्ठी काढली. मयुरेश.

तो बोलला, आणि काय बोलला! बाजार उभा केला, धूळ उभी केली, ट्रॅक्टरवरचा म्हातारा उभा केला. “ज्याचा माल, त्याचा आवाज” म्हणताना त्याने नेमका तेवढाच थांबा घेतला जेवढा घ्यायला हवा होता. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

“यादीतल्या प्रश्नांवर खंडेराव खुलले नाहीत, असं म्हणालास,” मॅडमनी विचारलं. “मग भीतीचा तो प्रश्न कुणाला सुचला?”

“मला, मॅडम. मी विचारलं त्यांना.”

हे तर त्याने ठरवलेलंही नव्हतं. यशश्रीने त्याच्याकडे वळून पाहिलं, भुवई किंचित उचलली आणि वहीत खाली बघितलं. गुण वर्गात सगळ्यांत जास्त मिळाले. घरी वडिलांनी ते ऐकून देवापुढे साखर ठेवली.

बुधवारी सकाळी साडेनऊला तो कॉलेजच्या फाटकातून आत शिरला आणि जागीच थिजला. पोर्चच्या पायऱ्यांपाशी स्नेहल उभी होती. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस. तिच्या शेजारी हिरव्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसलेली, उन्हाने रापलेली एक बाई, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत.

“आई, हा मयुरेश,” स्नेहल म्हणाली. तिच्या आवाजात आज एक उत्साह होता, तो त्याने कधी ऐकला नव्हता. “ही माझी आई, बायडाबाई.”

“तुमीच का!” बायडाबाई पुढे झाली. “लय ऐकलं तुमच्याबद्दल. आज खळ्यावर खाडा केला बघा. कांदा निवडायचं काम रोजचंच हाय, पोरगी काय रोज बोलती व्हय? रविवारी खळ्यावर आम्हा चौदा बायांना बसवून बोलून दावलं हिनं. आमची अक्काबाई कुणाला चांगलं म्हणणारी नाय, ती बी म्हणली, पोरीला आवाज फुटला. म्हणलं, ज्यानं फोडला त्याला बघावं तरी.”

मयुरेशने काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शब्द सापडेनात.

तेवढ्यात मागून यशश्री आली. “अगं स्नेहल! काल कुठे होतीस तू? तुझीच चिठ्ठी निघाली होती पहिली. मग मयुरेश बोलला.”

“काल?” स्नेहल म्हणाली.

“काल म्हणजे मंगळवारी. सादरीकरण होतं ना!”

स्नेहलने मयुरेशकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळ्याची पापणी दोनदा लवेपर्यंत. तेवढ्यात तिला सगळं समजलं, हे त्यालाही समजलं. तो तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. तिच्या खांद्यावरून पलीकडे, सायकली लावल्या होत्या तिकडे बघत राहिला.

“काल व्हतं?” बायडाबाईचा चेहरा उतरला. “आनि तू बुधवार बुधवार करत नाचत व्हतीस?”

आता ती सांगणार. मयुरेशने मान खाली घातली.

“माझ्याच ऐकण्यात चूक झाली, आई,” स्नेहल म्हणाली. “फोनला रेंज नव्हती. त्यानं मंगळवार म्हणलं असंल, मला बुधवार ऐकू आलं.”

“कानात बोळे घातले व्हते का गं?” बायडाबाई भडकलीच. येणारीजाणारी पोरं वळून बघू लागली. “तीन आठवडे त्या पोरानं जीव तोडून शिकवलं, आनि तुला वार धड ऐकू येत नाय? एवढं शिकून हेच का?” स्नेहल खाली बघत ऐकून घेत होती. मग बायडाबाई मयुरेशकडे वळली आणि तिने चक्क हात जोडले. कांद्याच्या पातीने नखं काळी पडलेले ते हात.

“माफ करा बाबा. हिच्यापायी तुमचं काय नुकसान तर नाय ना झालं?”

“नाही, मावशी,” तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्या क्षणी खरं सांगायला चार शब्द पुरले असते. ते त्याच्या गळ्यापर्यंत आले आणि तिथेच बसले. एक बाई आपल्याच पोरीला विनाकारण बोल लावते आहे, आपल्यापुढे हात जोडते आहे, आणि आपण जोडू देतो आहोत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण तो तसाच उभा राहिला.

यशश्री एकदा स्नेहलकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग ती आत निघून गेली.

“आता आलोच हाय तर वर्ग तरी दाव,” बायडाबाई म्हणाली. आवाज जरा निवला होता. दोघी जिना चढल्या. मयुरेशचे पाय त्यांच्या मागून का गेले, त्याचं त्यालाच कळलं नाही. तास सुरू व्हायला वेळ होता. वर्ग रिकामा होता. तो दाराबाहेर, भिंतीला टेकून उभा राहिला.

आतून बाक सरकल्याचा आवाज आला. “मी इथं बसते,” बायडाबाई म्हणत होती. “तू उभी राहा तिथं. मला बोलून दाव. कुणी नाय इथं.”

“आई, असू दे आता.”

“असू दे काय? एसटीचे धक्के खाऊन आले मी.”

मग स्नेहल बोलू लागली. सुरुवातीला आवाज ओला होता, दोन वाक्यांनंतर सावरला. तिने बाजार उभा वगैरे केला नाही. खंडेराव जसा सांगत होता, तसंच सांगत गेली, मधे थांबत, त्याचेच शब्द वापरत. हमालीतून आलेला माणूस, न फुटलेला आवाज, उन्हातला माल. ‘हाय’ आणि ‘नाय’ जागच्या जागी होते, आणि ऐकताना ते अजिबात खटकत नव्हते.

“मग आम्ही त्यांना विचारलं,” ती म्हणाली, “की पहिल्यांदा भ्या वाटलं व्हतं का?”

आम्ही. बाहेर मयुरेशने डोळे मिटले. काल भरल्या वर्गात तो ‘मी’ म्हणाला होता. आज, आईशिवाय ऐकायला कुणी नसताना, आणि सगळं कळलेलं असताना, ती ‘आम्ही’ म्हणत होती. ‘मेल्याहून मेल्यासारखं होणं’ हे त्याने भाषणांत कितीदा वापरलं होतं. आज तो शब्द न् शब्द अंगावर आला.

तो स्टाफरूमकडे गेला. लतिका मॅडम वह्या तपासत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. फोन, बुधवार, सोमवारचा दुसरा फोन, कालचं ‘मला सुचला’. सांगताना वाक्यं मोडत होती, क्रम चुकत होता.

मॅडम ओरडल्या नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. “मला का सांगतोस?”

“तुम्ही गुण दिलेत म्हणून.”

“गुण मी काढून घेईन. ते सोपं आहे. पण टाळ्या वर्गाने दिल्यात.”

त्याला समजलं. “शुक्रवारी तुमच्या तासाला सांगतो,” तो म्हणाला.

शुक्रवारी तो वर्गासमोर उभा राहिला. साठ तोंडं. स्नेहल तिसऱ्या बाकावर, शेजारी यशश्री. त्याने घरी काहीच लिहून आणलं नव्हतं, कारण जे जे लिहिलं ते भाषणासारखं दिसत होतं.

“मी स्नेहलला खोटा वार सांगितला,” तो म्हणाला. “ती आली तर गुण जातील असं मला वाटलं. दोनदा सांगितला. आणि भीतीचा प्रश्न माझा नव्हता. तिचा होता.” पुढे काही सुचेना. हात कुठे ठेवायचे तेही कळेना. “एवढंच,” तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. कुणीतरी मागे “शी!” म्हणालं. मॅडमनी त्यालाही अडवलं नाही.

मॅडम स्नेहलकडे वळल्या. “तू बोलतेस आज?”

स्नेहल उभी राहिली. “आज नको, मॅडम. आज सगळे त्याच्याच बोलण्याचा विचार करत बसलेत. सोमवारी बोलते.”

सोमवारी ती बोलली. दोनदा अडखळली. एकदा तर इतका वेळ गप्प राहिली की यशश्रीने ओठांनीच पुढचा शब्द पुरवायचा प्रयत्न केला. पण तिने खाली बघितलं नाही. शब्द सापडेपर्यंत समोर बघत उभी राहिली आणि मग शेवटपर्यंत गेली. टाळ्या झाल्या, बेताच्याच. गुण मंगळवारपेक्षा चारेक कमी पडले आणि नियमाप्रमाणे ते यशश्रीला आणि तिला मिळाले. मयुरेशला निम्मे, न आलेल्याला द्यायचे तेवढे.

त्या दुपारी तो तिच्या मागोमाग जुन्या सीबीएस स्टँडवर गेला. लासलगावची गाडी लागायची होती. ती बाकावर बसली होती. तो समोर उभा राहिला.

“स्नेहल, मला माफ कर. आणि... त्या दिवशी आईसमोर तू मला वाचवलंस.”

“तुला नाय वाचवलं,” ती म्हणाली. आवाज शांत होता. “मला कॉलेजला धाडायच्या आधी आई चार वर्षं लोकांशी भांडली. गावातले म्हणायचे, शहरातली शिकलेली पोरं आपल्या पोरींना हसत्यात, फसवत्यात. आई म्हणायची, तसं नसतंय. तिला काय सांगू, तसंच असतंय म्हणून?”

“मी येतो लासलगावला. मावशींना खरं सांगतो. त्यांनी हात जोडले होते गं माझ्यासमोर...”

“नाय यायचं.” ती पहिल्यांदाच रागावली. “तुझं मन हलकं व्हायला माझ्या आईचं मन मोडणार का? ती अजून खळ्यावर सांगती, मयुरेश म्हणून लय गुणी पोरगा हाय. सांगू दे.”

“मग मी काय करू?”

“मला काय माहीत? ते तुझं तू बघ.”

गाडी लागली. गर्दी दाराशी उसळली, तीही त्यात शिरली. खिडकीशी जागा मिळाली तिला. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं, तशी ती तिच्याकडे वळून बोलू लागली. गाडी हलेपर्यंत तो थांबला होता. तिने बाहेर पाहिलं नाही.

तो चालतच पंचवटीत आला. वडील संध्याकाळच्या पूजेची तयारी करत होते. “गुरुवारी एका यजमानांना सांगितलं मी,” ते म्हणाले, “आमचा मयुरेश कॉलेजात पहिला आला म्हणून.”

“बाबा,” मयुरेश म्हणाला, आणि खाली बसून त्याने सगळं सांगितलं. हे त्याला कुणीच सांगायला लावलं नव्हतं.

चिंतामणगुरुजी हातातलं तबक तसंच धरून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

“त्या बाईंनी हात जोडले, तेव्हा तू काय केलंस?”

“उभा राहिलो.”

गुरुजींनी तबक खाली ठेवलं. मग म्हणाले, “त्या यजमानांना उद्या फोन करतो,” आणि पूजेला बसले. मयुरेश तिथेच, दाराच्या चौकटीला पाठ लावून बसून राहिला. वडिलांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला नाही त्या दिवशी. आणि तो का लागला नाही, हे आपल्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नाही, हेही त्याला बसल्या जागी कळत होतं.